फॅशन शूटमध्ये हालचाल खरी दिसायला हवी असेल तर आधी वजन सरकवा

फॅशन शूटवर सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे "जरा नॅचरल हो ना". आणि ते ऐकून कुणी नॅचरल झालंय असं मी तरी अजून बघितलेलं नाही, उलट मॉडेल अजून आखडते, हात कुठे ठेवू, हसू की नको, पाय कुठला पुढे टाकू, सगळं एकदम डोक्यात सुरू होतं आणि ते चेहऱ्यावर लगेच दिसतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, मॉडेलिंग करणाऱ्यांसाठी पण आणि कॅमेऱ्यामागे उभं राहणाऱ्यांसाठी पण, कारण हालचालीचा फोटो दोघांनी मिळून काढायचा असतो.

मला सांगायचीय ती गोष्ट एकच आहे, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. शरीराचं वजन खरोखर सरकलं पाहिजे. एका पायावरून दुसऱ्यावर, टाचेवरून चवड्यावर, मागून पुढे. वजन सरकलं की कंबर आपोआप हलते, खांदे तिरपे होतात, कापड मागे ओढलं जातं, हात तोल सांभाळायला लागतात आणि मान सगळ्यांच्या मागोमाग येते. वजन जागच्या जागी ठेवून नुसते हातपाय हलवले तर फोटोत ते लगेच कळतं, बघणाऱ्यालाही कळतं, फक्त काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही.

चालतानाचा फोटो आणि उभी चाल

चालतानाचा फोटो हवा असला की बरेच जण एक पाय पुढे टाकून उभे राहतात आणि चालल्यासारखं करतात, मी याला उभी चाल म्हणते. असा एखादा फोटो मोठा करून नीट बघा. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या असतात, वजन दोन पायांच्या बरोबर मध्ये असतं, दोन्ही खांदे एका उंचीवर, आणि कपडा मेल्यासारखा खाली लोंबतोय. स्कर्ट असेल तर घेर दोन पायांच्या मध्ये सरळ पडलेला, ट्राउझर असेल तर इस्त्रीची घडी पट्टीने आखल्यासारखी.

आता खरं चालतानाचा फोटो घ्या. मागची टाच उचललेली असते आणि चवडा जमिनीला ढकलत असतो, पुढचा गुडघा जवळजवळ सरळ झालेला असतो, एका बाजूची कंबर जराशी वर, त्याच्या विरुद्ध बाजूचा खांदा पुढे. स्कर्टचं कापड पुढच्या मांडीवर ताणलेलं आणि मागे मोकळं सुटलेलं. हे सगळं एकेक करून ठरवून करायला गेलात तर जन्मात जमणार नाही, पण दोन पावलं खरंच चाललात तर फुकट मिळतं.

वजन सरकलंय की नाही हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. उभे राहा आणि जो पाय मोकळा आहे असं तुम्हाला वाटतंय तो जमिनीवरून उचला. शरीर जरासुद्धा न कलता पाय सहज उचलला गेला तर वजन खरंच दुसऱ्या पायावर आहे. उचलण्याआधी एका बाजूला कलावं लागलं तर वजन अजून मध्येच होतं. ही परीक्षा घरी आरशासमोर करून बघा, मग आरसा सोडून करा, कारण आरशात बघत बघत केलं की मान कायम सरळच राहते आणि ती सवय शूटवर सुटत नाही. त्यापेक्षा फोन कुठेतरी कंबरेच्या उंचीवर टेकवून स्लो मोशन व्हिडिओ घेतलेला बरा, मग तो थांबवत थांबवत बघायचा, कुठल्या फ्रेमला आपण चांगले दिसतो आणि त्या आधी शरीराने काय केलं होतं ते शोधायचं. हा अभ्यास कंटाळवाणा वाटतो खरा, पण स्वतःच्या शरीराबद्दल यातून जेवढं कळतं तेवढं शंभर पोझेसचे फोटो सेव्ह करून कळत नाही.

कॅटलॉगच्या शूटला जागा कमी असते, मागे पार्श्वभूमीला लावलेला पेपरचा रोल, लाइट ठरलेला, तिथे लांबून चालत येणं शक्य नसतं. तिथे मागेपुढे डोलायचं. जमिनीवर टेपची खूण करून घ्या, खुणेच्या एक पाऊल मागे मागचा पाय, मग वजन मागच्या पायावरून पुढे खुणेवर, परत मागे, परत पुढे, एका संथ लयीत. प्रत्येक वेळी पुढे येताना एक क्लिक. मॉडेल त्याच जागी येत असल्यामुळे फोकस आणि लाइट दोन्ही जागच्या जागी राहतात आणि तरी प्रत्येक फ्रेममध्ये शरीर चालू असतं. लय लागली की मग हळूच एकेक बदल करायचा, या वेळी पुढे येताना नजर डावीकडे, पुढच्या वेळी हात खिशात, त्याच्या पुढच्या वेळी पाऊल थोडं तिरकं. सगळं एकदम बदललं की लय तुटते आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

जागा असेल तर कॅमेऱ्याकडे नाकासमोर सरळ चालत येण्यापेक्षा थोडं तिरकं चाला. सरळ येताना पुढचा पाय मागच्या पायाला झाकतो आणि पाऊल आखूड दिसतं, तिरकं चाललं की दोन पायांमधलं अंतर दिसतं, कपड्याचा आकारही दिसतो. आणि चालायला सुरुवात फ्रेमच्या बाहेरून करा, कारण पहिलं पाऊल नेहमी अवघडलेलं असतं, तिसऱ्या चौथ्या पावलाला शरीर मोकळं होतं. तसंच फ्रेमच्या कडेला येऊन थांबू नका, पुढे निघून जा. थांबायचंय हे माहीत असलं की शरीर दोन पावलं आधीच ब्रेक लावायला लागतं.

फॅशन फोटोग्राफीत ही गोष्ट आली तीच मुळात खऱ्या धावण्यातून. १९३३ मध्ये मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोग्राफरने हार्पर्स बझार या अमेरिकन फॅशन मासिकासाठी लुसील ब्रोकॉ या मॉडेलचा स्विमसूटमधला फोटो काढला, लाँग आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर, थंडीच्या दिवसात. मुंकाची आधी खेळांचे फोटो काढायचा. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, त्यामुळे त्याने खाणाखुणा करून तिला आपल्याकडे पळत यायला सांगितलं, आणि ती खरंच पळत आली, मागे खांद्यावरचा केप (बिनबाह्यांचा झगा) उडतोय, पाय वाळूत रुतून निघतायत. त्या काळात फॅशनचे फोटो म्हटलं की बहुतेक स्टुडिओत पुतळ्यासारखं उभं राहून. मला या किस्स्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती ही की त्याने तिला पोझ सांगितलीच नाही, काम सांगितलं. पळ. बाकीचं तिच्या शरीराने केलं.

मॉडेलला काय सांगायचं

म्हणजे आता फोटोग्राफर लोकांनी हे नीट ऐका. विशेषणं सांगू नका, क्रियापदं सांगा. "कॉन्फिडंट दिस", "फ्री हो", "एलिगंट कर काहीतरी" यातून शरीराला काही कळत नाही. "तिथून इथपर्यंत चालत ये आणि येता येता बाही वर सार" हे कळतं. "भिंतीला टेकून उभी राहा, मग खांद्याने भिंतीला ढकलून बाहेर पड" हेही कळतं, आणि ढकलून बाहेर पडताना वजन पाठीवरून पायांवर येतं तो क्षण फार सुंदर असतो, चेहऱ्यावर पण एक निग्रह येतो. "कुणीतरी मागून हाक मारलीय, चालता चालता बघ" हे तर कायम चालतं, फक्त हाक एकदा खरंच मारा, असिस्टंटला मागे उभं करून. खरी हाक ऐकून माणूस आधी डोळे वळवतो मग मान मग खांदा, आणि खोटं वळताना सगळं एकत्र वळतं.

एक सूचना एका वेळी द्या. चार गोष्टी एका दमात सांगितल्या की मॉडेल त्या मनात पाठ करत बसते, आणि पाठ करणाऱ्या माणसाचे डोळे रिकामे दिसतात. आणि वेग सांगताना "निम्म्या स्पीडने कर" हे वाक्य हाताशी ठेवा. नवीन मॉडेल हालचाल म्हटलं की खूप जोरात करते, केस तोंडावर येतात, हात ब्लर होतात, चेहरा ताणला जातो. निम्म्या वेगाने केलं की शरीराला प्रत्येक जागी पोचायला वेळ मिळतो. पण निम्मा वेग म्हणजे निम्मा जोर नव्हे हेही सांगा, हात जाणार तिथपर्यंत पूर्ण जायचा, फक्त हळू.

चांगलं झालं तर लगेच बोला. कॅमेऱ्यामागून नुसती क्लिक क्लिक आणि शांतता असली की समोरच्या माणसाला वाटतं काहीतरी चुकतंय आणि तो वेगळंच काहीतरी करायला लागतो, आणि जे छान चाललं होतं तेच बंद पडतं. "हेच, परत एकदा हेच" एवढं पुरतं. स्वतः करून दाखवायला हरकत नाही पण एकदाच, पुन्हा पुन्हा दाखवलं की ती तुमची नक्कल करायला लागते, तिचं शरीर तुमच्यासारखं चालत नाही.

आणि स्पर्श. केस सरळ करायचे असोत की कॉलर, आधी विचारायचं, आणि शक्यतो ते काम स्टायलिस्टला करू द्यायचं. हालचालीत कपडा सरकतो, गळा खाली येतो, स्लिट नको तिथपर्यंत उघडते, हे होणारच असतं, म्हणून शूट सुरू व्हायच्या आधीच स्पष्ट बोलून घ्या की असं झालं तर काम थांबेल आणि ती फ्रेम लगेच डिलीट होईल. मॉडेलला ही खात्री नसेल ना, तर तिचा एक हात सतत कपडा सांभाळण्यात गुंतलेला राहतो आणि मग कितीही सूचना द्या, ती मोकळी होणारच नाही. हा नियम मला सगळ्या टेक्निकच्या आधीचा वाटतो.

कपड्याला काय करायचंय ते आधी बघा

शूटच्या आधी कपडा हातात घ्या, हँगरवर धरून हलवा. शिफॉन, जॉर्जेट असेल तर ते हवेत तरंगतं आणि सावकाश खाली येतं. सॅटिन जड असतं, ते लाटेसारखं जातं आणि प्रकाश पकडतं, त्याला मोठी संथ हालचाल आवडते. लिनन चुरगळतं, त्यात बसणं, उठणं, रेलणं चांगलं दिसतं कारण चुण्या त्याच्या अंगभूत आहेत. जाड लोकरीचा कोट छोट्या हालचालीला दादच देत नाही, त्याला झपकन वळावं लागतं किंवा मोठ्या ढांगा टाकाव्या लागतात, आणि बटणं उघडी ठेवलीत तरच तो मागे उडतो. डेनिम हलत नाही, तिथे हालचाल शरीराने दाखवायची, उकिडवं बसणं, पायरी चढणं, उडी मारून कट्ट्यावर बसणं. घट्ट पेन्सिल स्कर्टमध्ये "मोठी पावलं टाक" सांगणारा माणूस कपड्याकडे बघतच नाहीये.

यातली सगळ्यात महत्त्वाची बाब म्हणजे कापड शरीराच्या मागून येतं. तुम्ही गिरकी घेऊन थांबलात तरी घेर अजून फिरत असतो, शरीर स्थिर आणि कापड पूर्ण फुललेलं असा एक क्षण येतो, सेकंदापेक्षाही कमी, आणि बहुतेक वेळा तोच फोटो असतो. त्यामुळे मॉडेलने गिरकीनंतर लगेच ढिलं पडायचं नाही, थांबून चेहरा कॅमेऱ्याकडे आणून एक श्वास तसंच राहायचं. आणि फोटोग्राफरने गिरकी चालू असताना बोट रोखून धरायचं, शरीर थांबायला लागलं की मग क्लिक. पूर्ण गोल फिरायची गरजही नसते. पाव गिरकी पुरते, कंबर आधी उलट दिशेला वळवून घ्यायची, कापडाला पीळ पडू द्यायचा आणि मग झटक्यात उलट, म्हणजे चक्कर येत नाही आणि चेहरा दर वेळी ठरलेल्या जागी येतो.

घेर उडवायला असिस्टंट लागतो. तो फ्रेमच्या बाहेर वाकून कापडाची कड धरतो आणि तीन म्हटल्यावर वर फेकून मागे सरकतो. यात मॉडेलनेही त्याच वेळी वजन पुढे टाकलं पाहिजे, ती नुसती उभी असेल तर वाऱ्याने कापड उडालं आणि हिला पत्ताच नाही असं दिसतं. फॅनचं पण तसंच आहे, समोरून थेट तोंडावर सोडला की डोळे बारीक होतात, पाणी येतं. थोडा बाजूने आणि खालून द्या, केसांना आणि कापडाला लागेल इतकाच.

आणि मागच्या बाजूच्या क्लिपा. कपडा मापाचा नसला की पाठीमागे क्लिपा लावून घट्ट करतात, स्थिर फोटोत दिसत नाहीत, पण मॉडेल वळली की सगळी रांग दिसते, शिवाय चालताना टोचतात. हालचालीचं शूट ठरलं असेल तर स्टायलिस्टला आधीच सांगा, सुईदोऱ्याने कच्चे टाके घालून घेता येतात.

हात, चेहरा, श्वास

हातांना काम द्या. रिकामा हात हा सगळ्यांचाच प्रश्न असतो, कितीही अनुभव असला तरी. कॉलर उचलणं, बाही दुमडणं, बटण लावणं, बॅगचा पट्टा खांद्यावर घेणं, केस कानामागे सारणं, यातलं काहीही, पण ते खरं करायचं. म्हणजे बटण खरंच लावायचं आणि खरंच काढायचं. बटणाला नुसता हात लावून थांबलं की बोटं कडक होतात, पंजा दिसतो. खरं काम करणारी बोटं वेगवेगळ्या कोनात वाकलेली असतात. खिशात हात घालायचा तर पूर्ण कोंबू नका, अंगठा किंवा थोडं मनगट बाहेर राहू द्या, नाहीतर हात तुटल्यासारखा दिसतो, आणि कोपर कंबरेला चिकटू देऊ नका, मधून उजेड दिसला पाहिजे.

चेहऱ्याचं गुपित श्वासात आहे असं मला वाटतं. अवघड हालचाल करताना माणूस श्वास रोखतो, आणि श्वास रोखला की जबडा, गळ्याच्या शिरा, खांदे सगळं वर येतं. हालचाल सुरू करताना श्वास घ्या आणि ओठ किंचित उघडे ठेवून ती चालू असताना सोडत राहा. उडी मारताना तर हे फारच लागतं. डोळ्यांसाठी एक करा, हालचालीच्या शेवटी कुठे बघायचंय ती जागा आधीच ठरवा, लाइट स्टँडचा वरचा स्क्रू, दाराची कडी, काहीतरी खरंखुरं. "लांब कुठेतरी बघ" म्हटलं की नजर तरंगत राहते. केस झटकताना डोळे मिटू द्या, ते मिटणारच, केस वर गेल्यावर उघडायचे. झटका मानेने देऊ नका, दिवसभर तसं केलं तर मान धरते. छातीपासून वाकून वर यायचं, हनुवटी पुढे आणि केस मागे.

नाचणाऱ्या मुलीमुलांना हे सोपं जातं आणि त्याचं कारण लवचिकता एवढंच नसतं, आपलं वजन या क्षणी कुठे आहे हे त्यांना न बघता कळतं. लीसा फॉन्सग्रीव्ह्ज ही जुन्या काळातली नावाजलेली मॉडेल आधी नृत्य शिकलेली होती. १९३९ मध्ये अर्विन ब्लूमेनफेल्ड या फोटोग्राफरने तिचा आयफेल टॉवरवरचा फोटो काढला, लोखंडाला धरून झुकलेली आणि ड्रेसचा घेर हवेत पसरलेला. तो फोटो बघताना तिचं सगळं वजन कशावर आहे हे चटकन कळतं आणि म्हणूनच तो ड्रेस इतका हलका दिसतो. (उंचावर, कठड्यावर असलं काहीही करायला जाऊ नका, जमिनीवर पुष्कळ करण्यासारखं आहे.) मॉडेल कोको रोशा पण आयरिश डान्समधून आलेली आहे, २००७ मध्ये फ्रेंच डिझायनर गोतिएच्या शोमध्ये ती रॅम्पवर तो डान्स करत आली होती. तुम्ही नाचत नसाल तरी बिघडत नाही, पण कुठलाही नाच, अगदी घरातल्या घरात गाणं लावून केलेला, या कामाला उपयोगी पडतो. शूटवरही गाणी लावा, आणि कुठली ते मॉडेलला विचारा. संथ गाण्यावर उड्या आणि धडधडीत गाण्यावर सॅटिनचा गाऊन असं करू नका, शरीर गाण्याचंच ऐकतं.

उडी

उडीचे फोटो सगळ्यांना हवे असतात आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं, केस छपरासारखे उभे आणि गुडघे विचित्र असे येतात. थोडं गणित बघा. ३० सेंटीमीटर उंच उडी मारली तर माणूस हवेत जेमतेम अर्धा सेकंद असतो. पण त्यातला निम्मा वेळ उडीच्या सगळ्यात वरच्या पाव भागात जातो, कारण वर पोचता पोचता वेग कमी होतो. म्हणजे वरच्या टोकाला थोडी सवड मिळते, तेव्हाच क्लिक करायचं, आणि डोळ्याने बघून मग बोट दाबलं तर उशीर होतो, म्हणून मॉडेलबरोबर लयीत मोजा आणि ती जमिनीवरून सुटली की लगेच दाबा.

उंच जायच्या मागे लागू नका. कॅमेरा खाली, गुडघ्याच्या उंचीवर आणला की छोटी उडीसुद्धा उंच दिसते. मॉडेलने एक पाय पुढे टाकून ओलांडल्यासारखी उडी मारली तर चेहरा मोकळा राहतो, दोन्ही पाय जोडून सरळ वर मारलेल्या उडीत ताण जास्त येतो. रिचर्ड ॲव्हेडन या अमेरिकन फोटोग्राफरने १९५७ मध्ये पॅरिसमध्ये कार्मेन डेल'ओरेफिचे या मॉडेलचा छत्री घेतलेला फोटो काढला तो असाच आहे, फुटपाथवरून पुढे झेपावलेली, आणि तो फोटो त्याने मुंकाचीलाच वाहिलेला आहे.

हील घालून उडी मारायला लावू नका. कपडा लांब असेल आणि पाय दिसत नसतील तर अनवाणी करा, दिसत असतील तर सपाट बूट. जमिनीवर पेपरचा रोल पसरलेला असेल तर तो बुटाखाली सरकतो, कडा टेपने घट्ट चिकटवा. नव्या बुटांचे तळवे गुळगुळीत असतात, तिथे मास्किंग टेप लावला की थोडी पकड येते आणि बूट परत करायचे असतील तर तळवे खराबही होत नाहीत. आणि वॉर्म अप, पोटऱ्या आणि घोटे दहा मिनिटं तरी मोकळे करून घ्या. सलग आठ-दहा उड्यांनंतर पाय थकतात, चेहऱ्यावर दिसायला लागतं, मग पाणी, विश्रांती, आणि दुसरंच काहीतरी शूट करा.

कॅमेरा

माणूस साधारण सेकंदाला १.४ मीटर चालतो. १/१२५ शटर स्पीडला, म्हणजे शटर सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग उघडं असतं तेवढ्या वेळात शरीर एक सेंटीमीटरच्या आसपास सरकतं, पण पुढे येणारा पाय आणि हात त्याहून बरेच जोरात जात असतात, म्हणून चेहरा ठीक आणि पावलं पुसट असं होतं. चालण्यासाठी १/५००, गिरकी, केस, उडी यासाठी १/१००० किंवा त्याहून वर ठेवा. उजेड कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवा, थोडा नॉईज म्हणजे फोटोतले दाणे चालतात.

फोकसचं पण बघा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएम लेन्स, ३ मीटर अंतर आणि लेन्सचं छिद्र एफ २ एवढं मोठं ठेवलं तर सगळं मिळून साधारण १५ सेंटीमीटर एवढीच पट्टी शार्प असते, आणि चालणारी मॉडेल ती पट्टी सेकंदाच्या दहाव्या भागात ओलांडून जाते. एफ ५.६ ला, म्हणजे छिद्र लहान केलं की, ती पट्टी ४० सेंटीमीटरच्या आसपास होते. म्हणून हालचालीच्या शूटमध्ये मागची झकास धूसर पार्श्वभूमी थोडी सोडून द्यावी लागते. ऑटोफोकस कंटिन्युअसवर (म्हणजे फोकस मॉडेलच्या मागे मागे जात राहतो), कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात, आणि डोळे शोधून फोकस करणारं आय डिटेक्शन असेल तर चालू.

फ्लॅश वापरत असाल तर बहुतेक कॅमेरे १/२०० किंवा १/२५० च्या वर साधा सिंक (शटर आणि फ्लॅशचा मेळ) देत नाहीत, पण त्याने घाबरायचं नाही, बाकीचा उजेड बंद असेल तर हालचाल फ्लॅशच्या लखलखाटाच्या अवधीने गोठते, शटरने नाही. छोट्या स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशचा) हा अवधी पॉवर कमी केली की अजून कमी होतो आणि फ्लॅश पटकन चार्जही होतो. खिडकीतून बराच उजेड येत असेल तर मात्र शार्प माणसाच्या कडेला भुतासारखी पुसट सावली येते. कधी तीच हवी असते, मग १/१५ ते १/३० ठेवून फ्लॅश रिअर कर्टनवर टाका, म्हणजे तो शटर बंद होताना शेवटी उडतो, पुसट रेघा हालचालीच्या मागे राहतात आणि शेवटी चेहरा गोठतो.

बर्स्टचं (एकापाठोपाठ एक फोटो काढत राहायचं) बटण दाबून धरून बसू नका. तीन चार फ्रेम, त्या पण वजन सरकायला लागल्यावर. सतत धडाधड काढत राहिलं की तुम्ही बघायचं बंद करता आणि मॉडेललाही कळत नाही की नेमकं काय आवडलं. फ्रेम सैल ठेवा, हात आणि बूट कापले गेले तर ते नंतर आणता येत नाहीत, रिकामी जागा कापता येते. आणि फार वाइड लेन्सने जवळून काढलंत तर कडेला आलेला हात किंवा पाय लांबलचक होतो, दोन पावलं मागे जा.

फोटो निवडताना

हालचालीच्या शूटमध्ये वाया जाणाऱ्या फ्रेम जास्त असतात हे क्लायंटला आधीच सांगून ठेवा. निवडताना बहुतेक जण आधी चेहरा बघतात, मी आधी पाय बघते. मागची टाच उचललेली आहे का, वजन कुठल्या पायावर आहे, मग कपड्याची कड कुठे गेलीय, मग हात, आणि चेहरा शेवटी. पाय खोटे असतील तर चेहरा कितीही सुंदर असो ती फ्रेम हळूहळू नकोशी वाटायला लागते, आणि पाय खरे असतील तर थोडा विस्कटलेला केस, एका बाजूला सरकलेली कॉलर, हे सगळं चालून जातं, रिटचवाल्याला ते साफ करायला लावू नका. शेवटी निवडलेले दहा बारा फोटो एकत्र लावून मॉडेललाही दाखवा आणि तिला विचारा यातल्या कुठल्या फ्रेममध्ये तू तुझ्यासारखी चालतेयस, कारण तिची चाल तुमच्यापेक्षा तिला जास्त ओळखता येते आणि पुढच्या शूटला सुरुवात कुठून करायची हे तिच्या उत्तरात मिळतं.